गर्भपाताचा कायदा : परवानगी डॉक्टरला, हक्क कोणाला?

(महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या देशात १ एप्रिल १९७२ पासून गर्भपात काही अटींवर कायदेशीर आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘रो विरुद्ध वेड’ या खटल्याचा निकाल दिला तो २२ जानेवारी १९७३ रोजी, म्हणजे आपला कायदा अमलात आल्यावर नऊ महिने उलटून गेल्यानंतर. फ्रान्समध्ये कायदा झाला १९७५ साली, इटलीत १९७८ साली. पुढारलेल्या म्हणविणाऱ्या देशांच्या आधी आपण हे पाऊल टाकले, असे सरकारी वक्ते अभिमानाने सांगतात, आणि तारखांपुरते त्यांचे म्हणणे खोटे नाही.

पण याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २०१५ या एका वर्षात भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. त्यांपैकी रुग्णालयात वा दवाखान्यात झालेले अवघे २२ टक्के. ७३ टक्के स्त्रियांनी आरोग्यसंस्थेबाहेर, औषधाच्या दुकानातून किंवा अन्य मार्गाने मिळविलेल्या गोळ्या घेतल्या. उरलेले ५ टक्के, म्हणजे सुमारे ८ लाख गर्भपात, अन्य आणि बहुतांशी धोक्याच्या उपायांनी झाले. गोळ्या योग्य मात्रेत, योग्य मुदतीत घेतल्या तर त्या सुरक्षित असतात, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्यांच्याविषयी भीती पसरविण्याचे कारण नाही. प्रश्न असा की, कायदा होऊन चार दशके लोटल्यावरही चारांपैकी तीन स्त्रियांना हे काम सरकारी आरोग्ययंत्रणेच्या पाठीमागे, बहुधा पुरेशी माहिती न मिळता, रक्तस्राव वाढला तर कोणाकडे जायचे हे ठाऊक नसता का उरकावे लागते?

याचे उत्तर स्त्रियांच्या अज्ञानात शोधण्याची प्रथा आहे. ते कायद्याच्या जन्मकथेत शोधणे अधिक योग्य ठरेल.

गर्भपात हा राजदंडास पात्र गुन्हा ठरला तो आपल्याकडे इंग्रजी अमलात. आपल्या धर्मशास्त्रांनी भ्रूणहत्येला महापातकांच्या पंक्तीत बसविले होते, यात शंका नाही. परंतु पातकाला प्रायश्चित्त असते, गुन्ह्याला तुरुंग असतो, आणि तुरुंग आणला तो मेकॉलेच्या संहितेने. तिचा मसुदा १८३७ चा, ती मंजूर झाली १८६० साली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. इंग्लंडात १८०३ साली लॉर्ड एलनबरोच्या कायद्याने गर्भपात हा प्रथमच लिखित कायद्याखालील गुन्हा ठरला होता. त्याच विचाराची ही वसाहतीतील आवृत्ती. कलम ३१२ प्रमाणे गर्भपात घडवून आणणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, आणि गर्भाची हालचाल सुरू झाली असल्यास सात वर्षांपर्यंत. अपवाद एकच : स्त्रीचा जीव वाचविण्यासाठी सद्भावनेने केलेले कृत्य. आणि कलमाला जोडलेल्या स्पष्टीकरणाने, स्वतःचा गर्भपात करणारी स्त्रीदेखील गुन्हेगारच. त्या कलमात डॉक्टर आहे, सुईण आहे, गर्भवती आहे. जिच्यावर ही पाळी ज्या पुरुषाने आणली तो मात्र त्यात कोठेही नाही.

या कलमांची झळ त्या काळात कोणास लागली हे पाहण्यासाठी पुण्याकडे पाहावे. विधवाविवाह १८५६ साली कायद्याने संमत झाला होता, परंतु उच्चवर्णीय घरांतील बालविधवेच्या आयुष्यात त्याने फरक पडला नाही. घरातल्याच कोणा पुरुषाकडून दिवस गेले की तिच्यापुढे तीन वाटा : गुप्तपणे गर्भ पाडणे, जन्मलेले मूल मारणे किंवा विहीर. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले ते अशा विधवांसाठी. त्यांनी गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे आणि वाटल्यास मूल तेथेच ठेवून जावे. १८८१ साली सुरतेत एका ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे अपिलात कमी करण्यात आली. त्या खटल्यावरून वृत्तपत्रांत स्त्रीजातीच्या अनीतीवर जी प्रवचने झडली त्यांना उत्तर म्हणून ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. कायद्याने ज्याला वगळले होते त्या पुरुषाला ताराबाईंनी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. समाजधुरीणांनी त्या पुस्तकाची टवाळी केली, हेही ओघानेच आले.

आता कामगार चळवळीने या प्रश्नाकडे कसे पाहिले ते पाहू. १९१३ साली लेनिनने ‘प्रावदा’त कामगार वर्ग आणि नव-माल्थसवाद या विषयावर एक छोटा लेख लिहिला. त्यात दोन भूमिका एकत्र आहेत आणि दोन्ही एकत्रच लक्षात ठेवल्या पाहिजेत. गरिबीचे कारण गरिबांची मुले होत, हा माल्थसचा सिद्धांत लेनिन संपूर्णपणे फेटाळतो. त्याला तो हताश मध्यमवर्गीयाचे तत्त्वज्ञान समजतो. आणि त्याच लेखात गर्भपातावर व संततिनियमनाच्या माहितीवर बंदी घालणारे सर्व कायदे बिनशर्त रद्द करावेत, अशी मागणीही करतो. लोकसंख्येचे भय दाखवून स्त्रीला मुले होऊ देऊ नका असे सांगणारा, आणि कायद्याचा धाक दाखवून तिला मुले व्हायलाच लावणारा, हे दोघेही तिच्या निर्णयावर स्वतःचा ताबा मागत असतात.

क्रांतीनंतर १८ नोव्हेंबर १९२० रोजी सोव्हिएत आरोग्य व न्याय खात्यांच्या कमिसारांनी, सेमाश्को आणि कुर्स्की यांनी, संयुक्त हुकूम काढला. त्यान्वये गर्भपात सोव्हिएत रुग्णालयांत, डॉक्टरच्या हातून आणि विनामूल्य करण्याची तरतूद झाली. आधुनिक राज्यसंस्थेने स्त्रीच्या इच्छेवर गर्भपात मोफत उपलब्ध केल्याचे हे पहिले उदाहरण. हुकमाची भाषा मात्र हक्काची नव्हती. गतकाळाचे अवशेष आणि आर्थिक हलाखी आहे तोवर हे अनिष्ट सोसावे लागेल, असा तिचा सूर होता. त्या सुरात पुढील संकटाचे बीज होते. यादवी युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशात खाटा अपुऱ्या पडल्या, तेव्हा १९२४ साली कोणाला आधी प्रवेश द्यावा हे ठरविणाऱ्या समित्या नेमाव्या लागल्या. बेकार आणि एकट्या स्त्रियांना अग्रक्रम मिळाला. आणि १९३६ साली, आता आर्थिक हलाखी संपली, सबब गर्भपाताची गरजही संपली, असे तर्कट लढवून २७ जूनच्या हुकमाने त्यावर बंदी आली. मसुदा चर्चेसाठी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाला होता. राहावयास खोली नाही, पाळणाघर नाही, शिक्षण अर्धवट आहे, अशी पत्रे कामगार आणि विद्यार्थिनी स्त्रियांनी लिहिली. हुकूम तरीही निघाला. जन्मदर थोडा काळ वाढला आणि पुन्हा उतरला. चोरून केलेल्या गर्भपातांनी मात्र बळी घेतले. स्त्रीला होणारी शिक्षा १९५४ साली रद्द झाली आणि २३ नोव्हेंबर १९५५ च्या हुकमाने बंदी उठली.

समाजवादी देशाच्या इतिहासातील हा भाग झाकून ठेवण्याने कोणाचेही हित होत नाही. रुमानियाचे उदाहरण तर याहून विदारक आहे. तेथे १९६६ सालच्या ७७० क्रमांकाच्या हुकमाने, चाळिशी कधीच ओलांडलेल्या किंवा अनेक लेकरांच्या माता असलेल्या स्त्रिया वगळता, जवळजवळ सर्वांना गर्भपाताची बंदी झाली. एक पिढीभर तो हुकूम चालला. मातामृत्यूंच्या प्रमाणात रुमानिया युरोपात सर्वांत वर गेला, आणि डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळताच नव्या सत्तेने पहिल्या काही दिवसांतच जे निर्णय घेतले त्यांत हा हुकूम रद्द करणे हा एक होता. उलटपक्षी, पूर्व जर्मनीने ९ मार्च १९७२ रोजी पहिल्या बारा आठवड्यांतील निर्णय सर्वस्वी स्त्रीवर सोपविला. त्याच धर्तीचा कायदा पश्चिम जर्मनीच्या घटना न्यायालयाने १९७५ साली रद्दबातल ठरविला. तेव्हा झेंड्याच्या रंगावरून या प्रश्नाचा निकाल लागत नाही. राज्यसंस्थेला माणसे अधिक हवी असोत की उणी, गर्भाशय हा नियोजनाच्या तक्त्यातील रकाना मानला गेला की स्त्रीची गत एकच होते.

हे ध्यानात ठेवून भारताकडे परत येऊ. आपल्या कायद्याचा उगम कुटुंबनियोजनाच्या दालनात आहे. केंद्रीय कुटुंबनियोजन मंडळाच्या शिफारशीवरून १९६४ साली एक समिती नेमण्यात आली. तिचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. समितीने डिसेंबर १९६६ मध्ये अहवाल दिला. पन्नास कोटींच्या लोकसंख्येमागे वर्षाला ६५ लाख गर्भपात होतात, त्यांत २६ लाख नैसर्गिक आणि ३९ लाख घडवून आणलेले, असा तिचा अंदाज होता. म्हणजे कलम ३१२ पुस्तकात असताना दरवर्षी सुमारे चाळीस लाख स्त्रिया ते मोडीत होत्या. समितीला न्याय दिला पाहिजे : लोकसंख्या घटविण्याचे साधन म्हणून गर्भपात कायदेशीर करणे अव्यवहार्य आहे, असे तिने स्वतःच नोंदविले होते. पण दशक कोणते होते? धान्यासाठी अमेरिकेच्या जहाजांची वाट पाहण्याचे, ‘लाल त्रिकोणा’चे आणि गरिबांच्या संख्येला दारिद्र्याचे कारण ठरविणाऱ्या तज्ज्ञांचे. विधेयक १९६९ साली राज्यसभेत आले, ऑगस्ट १९७१ मध्ये संसदेची मंजुरी पूर्ण झाली, आणि १० ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळून १९७१ चा ३४ वा अधिनियम अस्तित्वात आला.

या अधिनियमाची रचना बारकाईने वाचण्यासारखी आहे. त्याने गर्भपात हा स्त्रीचा हक्क आहे असे कोठेही म्हटले नाही. दंडविधानातील गुन्हा तसाच ठेवून, ठरावीक परिस्थितीत नोंदणीकृत डॉक्टरला त्या गुन्ह्यापासून संरक्षण दिले. गर्भ बारा आठवड्यांपर्यंतचा असेल तर एका डॉक्टरचे मत, बारा ते वीस आठवडे असल्यास दोघांचे. मत कशाविषयी? गर्भ राहिल्याने स्त्रीच्या जिवाला धोका आहे, तिच्या शारीरिक वा मानसिक आरोग्यास गंभीर इजा होईल, किंवा मूल गंभीर व्यंग घेऊन जन्मेल, याविषयी. बलात्काराने राहिलेला गर्भ ही मानसिक इजा मानावी असे एक स्पष्टीकरण. आणि मुलांची संख्या मर्यादित ठेवण्यासाठी विवाहित स्त्रीने किंवा तिच्या नवऱ्याने वापरलेले साधन निकामी ठरल्यास तीही मानसिक इजा समजावी, असे दुसरे. या दुसऱ्या स्पष्टीकरणात कायद्याचे अंतरंग उघडे पडते. संततिनियमनाचे साधन वापरणारी विवाहित स्त्री सरकारच्या कार्यक्रमात सहभागी, म्हणून ती सहानुभूतीस पात्र. अविवाहित, विधवा, परित्यक्ता या स्त्रियांचा त्या वाक्यात पत्ता नाही. फुल्यांच्या घराचे दार जिच्यासाठी उघडले होते, तिच्यासाठी शंभर वर्षांनंतरच्या संसदेला शब्द सापडला नाही.

व्यवहारात काय घडले? आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षी ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्या काळाची सावली गर्भपाताच्या टेबलावरही पडली. गर्भपात हवा असेल तर नसबंदी करून घे किंवा तांबी बसवून घे, ही अट कायद्यात नव्हती, परंतु सरकारी रुग्णालयांतून ती घालण्याचा प्रघात पडला आणि आणीबाणी संपल्यावरही तो मोडला नाही. नवऱ्याची सही आणण्यास सांगणे हाही असाच बेकायदा प्रघात. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती कायद्यास पुरेशी आहे. नवऱ्याची, सासूची वा बापाची सही कोणत्याही कलमात मागितलेली नाही. ज्या स्त्रीला या अटी मानवल्या नाहीत ती खाजगी दवाखान्यात गेली, ज्या स्त्रीजवळ पैसे नव्हते ती सुईणीकडे गेली.

जागेच्या अटीने उरलेले काम केले. गर्भपात सरकारी रुग्णालयात किंवा शासनमान्य केंद्रातच झाला पाहिजे. अट योग्य वाटते. परंतु मान्यता मिळाली ती मुख्यत्वे शहरांतील केंद्रांना. आणि तालुक्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गर्भपाताचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर नाही, असला तर साधन नाही, दोन्ही असले तर भूल देणारा नाही. मान्यतेचे अधिकार जिल्हा समितीकडे सोपविण्यासाठी २००२ सालची दुरुस्ती व्हावी लागली. परिचारिका आणि अन्य प्रशिक्षित आरोग्यसेवकांना आरंभीच्या आठवड्यांत हे काम करू द्यावे असा प्रस्ताव २०१४ च्या मसुद्यात होता; जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेचाही तोच सल्ला आहे. डॉक्टरांच्या संघटनांचा विरोध झाला आणि २०२१ च्या दुरुस्तीत त्याचा मागमूस उरला नाही.

मध्यंतरी आणखी एक पेच उत्पन्न झाला. गर्भजल परीक्षेचे तंत्र १९७० च्या दशकात आले आणि त्याचा धंदा झाला. मुलीचा गर्भ शोधून पाडण्याविरुद्ध १९८० च्या दशकात मुंबईतील स्त्री संघटनांनी आंदोलन केले, आणि १९८८ साली महाराष्ट्राने देशातील पहिला गर्भलिंगनिदान नियंत्रण कायदा केला. केंद्राचा कायदा झाला १९९४ साली. तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ च्या शिरगणतीतील ९४५ वरून २००१ मध्ये ९२७ वर आली. हा कायदा आवश्यक होता आणि आहे. मात्र त्याचा रोख आहे लिंगनिदान करणाऱ्यावर. सरकारी यंत्रणेने ते सोपे काम म्हणून गर्भपातावरच पाळत ठेवली. ‘भ्रूणहत्या पाप आहे’ अशा पाट्या लावल्या, औषधविक्रेत्यांना इतके भेडसावले की अनेक ठिकाणी त्यांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणेच बंद केले. पापाची ही भाषा प्रगतीशील व्यासपीठांवरूनही ऐकू येते, हे अधिक खेदाचे. पाट्या पाहून बिनचूक परावृत्त होते ती सोनोग्राफी केंद्राचा मालक नव्हे. सात आठवड्यांची गर्भवती मजूर बाई होते, जिला गर्भ मुलाचा की मुलीचा हे ठाऊकही नसते.

आता अलीकडच्या दुरुस्त्या. २४ सप्टेंबर २०२१ पासून वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. वीस ते चोवीस आठवड्यांत काही वर्गांतील स्त्रियांना दोघांच्या मताने परवानगी मिळते. गर्भात गंभीर दोष असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने चोवीस आठवड्यांनंतरही. ‘विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा’ या शब्दांच्या जागी ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ हे शब्द आले, त्यासाठी पन्नास वर्षे लागली. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वीस ते चोवीस आठवड्यांची सवलत अविवाहित स्त्रीलाही आहे असे ठरविले, आणि या कायद्यापुरता बलात्काराच्या अर्थात नवऱ्याने केलेल्या बलात्काराचाही समावेश केला. निकाल स्वागतार्ह आहे. पण एकाच वर्षाने, ऑक्टोबर २०२३ मध्ये, दोन मुलांची आई असलेली आणि बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारावर उपचार घेणारी एक विवाहित स्त्री त्याच न्यायालयात गेली. तिला आधी परवानगी मिळाली, मग ती स्थगित झाली, मग दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला, आणि १६ तारखेला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सव्वीस आठवडे उलटल्याच्या कारणाने परवानगी नाकारली. एका आठवड्यात तिच्या शरीराविषयी इतके निर्णय झाले. त्यांतला एकही तिचा नव्हता.

हक्क कायद्यात असून खर्चाची तरतूद नसेल तर काय होते हे अमेरिकेने दाखविले आहे. ‘रो’ निकालानंतर तीनच वर्षांनी, १९७६ साली, हाइड दुरुस्तीने गरिबांच्या वैद्यकीय योजनेतून गर्भपाताला केंद्रीय पैसा देणे जवळजवळ बंद केले, आणि १९८० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते वैध मानले. हक्क प्रथम गरीब स्त्रीचा गेला. तेव्हा सुखवस्तू अमेरिका फारशी हलली नाही; २४ जून २०२२ रोजी ‘रो’ निकालच उलथला, तेव्हा सर्वांच्या लक्षात आले.

आपल्याकडे प्रसूती लाभ कायद्यात १९९५ च्या दुरुस्तीने गर्भपातानंतर सहा आठवड्यांच्या भरपगारी रजेची तरतूद झाली, आणि ती २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आली आहे. ही रजा किती कामगार स्त्रियांनी मागितली, किती युनियन पदाधिकाऱ्यांना ती ठाऊक आहे, हे प्रत्येक शाखेने आपापल्या ठिकाणी विचारून पाहावे. घरकामगार, ऊसतोड मजूर, विडी कामगार, बांधकामावरील बाई यांना सहा आठवडे सोडाच, सहा दिवसांची मजुरीही कोणी भरून देत नाही. तिच्यासाठी गर्भपाताचा खरा खर्च दवाखान्याच्या बिलाआधी, बुडालेल्या खाड्यापासून सुरू होतो.

आणि कलम ३१२? १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड विधान गेले आणि भारतीय न्याय संहिता आली. वसाहतवादी कायद्यांचे जोखड फेकून दिल्याचा गाजावाजा झाला. नव्या संहितेचे कलम ८८ उघडून पाहावे. तीन वर्षे, सात वर्षे, सद्भावनेचा तोच अपवाद आणि तेच स्पष्टीकरण : स्वतःचा गर्भपात करणारी स्त्री या कलमाच्या अर्थात येते. फक्त आकडा बदलला आहे.

येत्या काळात जिल्हा समित्यांनी आपल्या भागातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्र व ग्रामीण रुग्णालय पाहून पुढील गोष्टींची नोंद करावी : तेथे गर्भपाताची सोय आहे काय, प्रशिक्षित डॉक्टर आठवड्यातून किती दिवस असतो, गोळ्या शिल्लक आहेत काय, नवऱ्याची सही मागितली जाते काय, नसबंदीची अट घातली जाते काय, आणि अविवाहित मुलगी आली तर तिला काय सांगितले जाते. स्त्रियांशी बोलताना नावे लिहू नयेत. गर्भपात केलेल्या स्त्रीची ओळख गुप्त ठेवण्याचे बंधन कायद्याने डॉक्टरवर घातले आहे. कार्यकर्त्यांनी ते स्वतःवरही घालून घ्यावे.